गाडीला गोडं पाणी

पाणी चाखून मग गाडी धुणारा ड्रायव्हर मी आयुष्यात एकच पाहिला.

दौऱ्यावर एखाद्या गावात गाडी थांबली की कोणीतरी धावत जाऊन बादलीभर पाणी आणून ठेवी. सरकारी गाडीला पाणी देणं हा तेव्हा गावाला मान वाटायचा. भाऊ बादलीत दोन बोटं बुडवत, जिभेला लावत, क्षणभर थांबत आणि बाजूला थुंकत.

"चालत नाई."

"काहून? सारं गाव हेच पानी पेते."

"मानसाले चालते. गाडीले नाई चालत."

लोक हसत. मीही हसत असे.

मी अमरावतीचा. साठ सालाच्या आसपास अकोल्याला बांधकामाच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. शॉर्टहँड येत होतं, म्हणून साहेबांबरोबर दौऱ्यावर जाण्याचं काम माझ्याकडे आलं. साहेब पुण्याकडचे, शिस्तीचे. त्यांना काळी अँबॅसडर मिळालेली होती आणि ती भाऊ चालवत. पन्नाशीच्या आतबाहेर वय, काटकुळं अंग, खाकी कपडे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने पूर्णेत सोडले होते. साहेबांच्या बायकोने गाडीत लावायला देवीची छोटी तसबीर आणली, तीही त्यांनी परत केली. "काचीवर चकाकते बाई, रस्ता दिसत नाई," एवढंच म्हणाले.

कचेरीत त्यांना पाठीमागे 'पालिशवाले' म्हणत, समोर भाऊ. मला ते बाबू म्हणत. आमच्याकडे कारकुनाला बाबूच म्हणतात.

पाण्याचं त्यांचं खूळ खोटं नव्हतं. अकोल्याहून उत्तरेला पूर्णेकडे जाऊ लागलं की विहिरींना खारं पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाची चव बिघडते. तेच पाणी गाडीवर उन्हात वाळलं की थेंबाथेंबाचे पांढरे डाग पडतात आणि ते रंगात उतरतात. एका जुन्या मडगार्डाचा पत्रा त्यांनी मुद्दाम ठेवला होता. नवा माणूस कचेरीत आला की त्याला दाखवत. "नखानं काढून पाहा. निघते काय? मीठ हाये ते. बसलं का उठत नाई."

गाडी धुवायच्या आधी ते कमरेचा पट्टा सोडत, घड्याळ काढत, सदरा काढून बंडीवर येत. बंडीला गुंड्या नव्हत्या, रंगावर ओरखडा उठू नये म्हणून त्यांनीच तोडून टाकल्या होत्या. मी जवळ उभा राहिलो की माझ्या खिशातलं पेन काढायला लावत. सुक्या फडक्याने धूळ पुसणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून संताप येई. "धूळ म्हंजे बारीक गोटेच ना बाबू. कोरडं फडकं फिरवलं म्हंजे कानस फिरवली." आधी टपावरून नुसतं पाणी सोडायचं, धूळ आपणहून खाली जाऊ द्यायची. मग रिठ्याचं पाणी. सोडा नाही, सोडा मेण खातो. मग खंगाळायचं आणि मऊ कातड्याने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. सगळ्याला मिळून चार बादल्या पाणी. पाचवी बादली लागली तर ते स्वतःवरच चिडत.

मग मेण. पॉलिशचा डबा मुंबईहून यायचा. तो वेळेवर येत नसे, तेव्हा ते परतवाड्याच्या बाजारातून मेळघाटातल्या मधाचं मेण आणत. उकळत्या पाण्यात भांडं ठेवून ते वितळवत आणि खाली उतरवून त्यात टर्पेंटाईन घालत. लावायचं ते सावलीत, गाडी गार असताना, हाताएवढ्या तुकड्यावर. पांढुरकं झालं की जुन्या धोतराच्या कापडाने पुसून काढायचं. शेवटी ओंजळभर पाणी शिंपडायचं. पाण्याचे मणी होऊन पळाले तर काम झालं. पाणी पसरलं तर पुन्हा पहिल्यापासून. गाडी झाडाखाली उभी करणं त्यांना मंजूर नव्हतं. वर पाखरं, लिंबाचा डिंक. "झाडाची सावली मानसाले. गाडीले छपराची."

फडकी तीन डब्यांत असत. टपाचं वेगळं, दारांचं वेगळं, चाकांचं वेगळं. टपाचं फडकं हातातून जमिनीवर पडलं की ते त्याच क्षणी चाकांच्या डब्यात जाई. एकदा मी थट्टेने म्हणालो, "भाऊ, तुम्ही तर फडक्यांतसुद्धा जाती पाडल्या."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पडल्या फडक्याले खडा लागते, बाबू. मानसाले काय लागते?"

मी पुढे कधी ती थट्टा केली नाही.

तेल्हाऱ्याच्या बाजूला तेव्हा एका पुलाचं काम चालू होतं. साहेब सोमवारी आणि गुरुवारी तिकडे जात. सकाळी काम बघायचं, दुपारी जवळच्या एका गावाबाहेरच्या सरकारी बंगल्यात जेवून थोडं पडायचं आणि मग मला पत्रं सांगायची. गावाचं नाव सांगत नाही. त्या सगळ्या खाऱ्या मुलखात त्या गावात एक गोड्या पाण्याची विहीर होती, एका जुन्या शेतकरी घराण्याच्या मालकीची. मालकांना सगळे बापूजी म्हणत. साठीचे, पांढरं धोतर, बोलायला गोड. भाऊंनी ते पाणी जिभेला लावलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "हे चालते."

बापूजींना त्याचा मोठा अभिमान वाटला. सरकारी गाडी आपल्या विहिरीच्या पाण्याने न्हाते, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. भाऊंनी सांगितलं, दोन पिंपं लागतील, एक धुवायला आणि एक खंगाळायला. बापूजींनी ती बैलगाडीवर भरून द्यायला गडी लावला. धुवायची जागाही भाऊंनी सांगितली. बंगल्यापुढे लिंब, विहिरीपाशी चिंच. वर छप्पर आणि चारी बाजूंनी मोकळी अशी जागा गावात एकच होती: बौद्धवस्तीत पंचशीलाच्या झेंड्याजवळ नुकतंच उभारलेलं पत्र्याचं छप्पर. गडी बैलगाडी वस्तीच्या तोंडाशी सोडून जाई, तासा-दीडतासाने रिकामी पिंपं घेऊन जाई. आत जात नसे.

दोन पिंपं जरा जास्त होतात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चार बादल्यांचा हिशेब मी कचेरीत रोज बघत होतो. पण दुपारच्या जेवणानंतर मला पेंग येई आणि भाऊंच्या विक्षिप्तपणाची मला सवय झाली होती.

एकदा साहेबांची एक फाईल गाडीत राहिली म्हणून मी वस्तीत गेलो. छपराखाली गाडी उभी होती, अर्धी मेण लावलेली. पलीकडे पंधरा-वीस बाया कळशा घेऊन बसल्या होत्या. पिंपाशेजारी बाजेवर एक बाई बसली होती, तिशी-पस्तिशीची. तोंड सुजलेलं, पाय कणकेच्या गोळ्यासारखे. ती मगाने मोजून एकेकीच्या कळशीत पाणी घालत होती. घरात आजारी माणूस असेल त्याला आधी, मग लहान लेकरांच्या घरी. मला बघून सगळ्या बाया उभ्या राहिल्या. ती मात्र बसूनच म्हणाली, "या बाबू. गाडी आंघोळ करून राहिली."

ती भाऊंची बहीण. चौदा वर्षांपूर्वी त्या गावी दिलेली. वस्तीची विहीर खारी. बापूजींच्या विहिरीवर वस्तीने जायचं नाही, हा तिथला नियम. कायदा झाला होता, पण विहिरीपर्यंत पोचला नव्हता. अकोल्याच्या डॉक्टरने तिला तपासून सांगितलं होतं, मूत्रपिंडं खराब होत आली आहेत, गोडं पाणी प्या. भाऊ तिला अकोल्याला चल म्हणत होते. ती म्हणे, घरधनी, चार लेकरं, सासू, एवढे सारे तुझ्या एका खोलीत कुठं टाकू? आणि बाकीच्या बायांचं काय?

भाऊ गाडीच्या पलीकडून आले. हातात मेणाचं फडकं तसंच होतं.

"बाबू, पाह्यलं तर पाह्यलं."

"मी काही पाहिलं नाही, भाऊ."

फाईल घेऊन मी बंगल्यावर परतलो. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं गाडीची आंघोळ चालू होती आणि मी कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही. मनातून मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटत असे. मी तर काहीच करत नव्हतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं. मे महिन्यातला गुरुवार होता. जेवणं झाली होती. साहेब बंगल्याच्या ओसरीत आरामखुर्चीवर बसून मला पत्र सांगत होते, सिमेंट उशिरा आल्याबद्दलचं. बापूजी आले, हात जोडून पायरीशी उभे राहिले.

"साहेब, एक अर्ज हाये. यंदा इहिरीनं तळ दाखोला. गाडीले दोन पिंपाच्या जागी एक चालन काय?"

साहेबांना काही कळलं नाही. "दोन पिंपं? कशाला?"

"धुवाले. हप्त्यातून दोनदा. दोन वर्सं झाले देऊन राहिलो. सरकारी काम हाये म्हनून कधी बोललो नाई."

साहेब माझ्याकडे वळले. "काय हो, एक गाडी धुवायला पाणी लागतं तरी किती?"

"चार बादल्या, साहेब," मी म्हणालो. "फार तर पाच."

साहेबांनी विचारलेल्याला लगेच आणि बरोबर उत्तर द्यायची मला सवय होती. त्या सवयीचा मला अभिमान होता. तोंडातून शब्द गेले आणि मग मला कळलं की मी काय बोललो.

बापूजी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी नीट केली आणि पायऱ्या उतरून गेले. वस्ती तिथून दोन फर्लांगांवर होती. मी धावत गेलो असतो तर त्यांच्या आधी पोचलो असतो. पोटात कळ आली म्हणून उठता आलं असतं. साहेब म्हणाले, "हं, कुठवर आलो होतो?" मी शेवटचं वाक्य वाचून दाखवलं आणि पुढे लिहीत राहिलो.

पत्र संपता संपता आरडाओरडा ऐकू आला. साहेब म्हणाले, "जा, बघून या जरा."

मी पोचलो तेव्हा दोन्ही पिंपं आडवी झाली होती. गोडं पाणी काळ्या जमिनीत मुरत होतं आणि दोन म्हाताऱ्या बाया त्या चिखलावर कळशीचं तोंड टेकवून उरलंसुरलं गोळा करत होत्या. बापूजी वस्तीच्या तोंडाशी उभे होते, आत आले नव्हते. त्यांचे दोन मुलगे आणि गडी आत होते. बापूजी तिथूनच ओरडत होते.

"खोटं बोलून नेलं! गाडीच्या नावानं! मागतलं असतं तर मी देलं नसतं काय?"

बाजेवरून भाऊंची बहीण बोलली. तिला मोठ्याने बोलता येत नव्हतं, पण सगळे गप्प झाले म्हणून ऐकू गेलं.

"चौदा वर्सं मागतलं, बापूजी. तुमच्या मायजवळ मागतलं. तुमच्याजवळ मागतलं. तुमच्या सुनंजवळ मागतलं. गाडीनं मागतलं, तवा तुमी देलं."

बापूजींनी मान फिरवली. त्यांचा थोरला मुलगा पुढे झाला. त्याच्या हातात विळा होता. मला वाटलं आता भाऊंवर जाईल. तो गाडीपाशी गेला आणि त्याने विळ्याचं टोक पुढच्या मडगार्डावर टेकवून, चालत चालत, मागच्या दिव्यापर्यंत ओढत नेलं. त्या आवाजाने माझे दात शिवशिवले. काळ्या रंगावर पांढरी रेघ उमटत गेली, कुठे कुठे पत्रा दिसत होता. भाऊ जागचे हलले नाहीत. फक्त त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

मुलगा गेला. सगळेच गेले. मग साहेब आले. रेघ बघून त्यांचा चेहरा उतरला. गाडीवर त्यांचा खरोखर जीव होता.

"हे कोणी केलं?"

भाऊ म्हणाले, "माह्या हातून झालं साहेब. मांगं घेता घेता काटेरी तारीले घासली."

तिथे आसपास काटेरी तार नव्हती. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही होतात ना इथे? तुम्ही पाहिलंत?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला चांगला कळला. नाव घेतलं असतं तर फौजदार आला असता, चार दिवस राहिला असता आणि गेला असता. गाडीही अकोल्याला गेली असती. बहीण आणि ही बारा-पंधरा घरं तिथेच राहणार होती.

"नाही साहेब. मी आलो तेव्हा झालेलं होतं."

एकाच दुपारी मी एकदा खरं बोललो आणि एकदा खोटं. दोन्हींची झळ भाऊंनाच लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कचेरीच्या छपराखाली त्या रेघेत मेण भरत बसलेले दिसले. मेण भरलं की रेघ जास्तच पांढरी दिसे. मी बराच वेळ शेजारी उभा राहिलो. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मेन रंग वाचोते. गेलेला रंग नाई आनत."

साहेबांनी चौकशी केली, तीही त्यांच्या स्वभावाप्रमाणे कागदोपत्री. सरकारी वाहनाच्या नावावर पाणी घेऊन त्याचं परस्पर वाटप, आणि निष्काळजीपणाने वाहनाचं नुकसान. भाऊंनी दोन्ही कबूल केलं. नोकरी गेली नाही, पण गाडी गेली. त्यांना अमरावतीच्या बाजूला खडीच्या ट्रकवर पाठवलं. तो हुकूम मीच टाईप केला, तीन प्रतींत. एकही चूक झाली नाही.

त्यांची बहीण पोळ्याच्या आधी वारली. पुलाच्या कामावरच्या मुकादमाने सोमवारी बोलता बोलता सांगितलं, "तो तुमचा पालिशवाला होता ना, त्याची भैन गेली." मी वस्तीत भेटायला जाईन म्हणत होतो. गेलो नाही. पाच-सहा वर्षांनी त्या गावाला नळ आला, वस्तीतही एक तोटी बसली, असं ऐकलं. बापूजींच्या विहिरीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

भाऊ मला त्यांच्या बदलीनंतर एकदाच भेटले. पुढच्या उन्हाळ्यात भातकुलीला मामाकडे लग्न होतं. मी अमरावतीहून एस.टी.ने निघालो. वाटेत रस्ता खणला होता. एस.टी. थांबली, अर्धा तास लागेल म्हणाले. उतरलो तर पुढे खडीचा ट्रक उभा आणि त्याच्या सावलीत भाऊ बसलेले. खूप वाळले होते.

"ओळखलंत का, भाऊ?"

"बाबू. काहून नाई ओळखाचं? बसा."

मी बसलो. ट्रकवर मुरुमाचे थर चढले होते, मूळ रंग कोणता ते कळत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "हा धुता की नाही?"

"त्याले रंगच नाई. धुवाचं काय?"

मी म्हणालो, "बहिणीचं कळलं मला."

त्यांनी मान हलवली. "शेवटी शेवटी तिनं पानीच सोडलं. पेलं का सूज, नाई पेलं का तहान. लेकरं कापूस भिजवून व्होटाले लावत."

मग मी ते बोललो. वर्षभर मनात घोळवलेलं, फार लांबलचक बोलेन असं वाटलं होतं, ते एका वाक्यात संपलं. "भाऊ, त्या दिवशी साहेबांपुढे मीच बोललो. चार बादल्या लागतात म्हणून."

"मालूम हाये मले. बापूजीनं तवाच सांगतलं, 'तुह्या बाबूनंच सांगतलं' म्हनून."

"मग मला कधी काही बोलला नाहीत?"

"काय बोलाचं?" ते समोरच्या खणलेल्या रस्त्याकडे बघत होते. "तुमी खोटं थोडीच बोलले."

दुपारचा एक वाजला असेल. जमिनीतून वाफा येत होत्या. अंगातला सदरा पाठीला चिकटला होता आणि सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. भाऊ उठले. ट्रकच्या फळीला टांगलेली सुरई काढली, लोटा विसळला, भरला.

"पानी देऊ काय, बाबू? ऊन लय हाये."

"नको," मी म्हणालो. "आत्ताच पिऊन आलो."

का म्हणालो ते मी आजवर स्वतःला नीट सांगू शकलेलो नाही. लाज वाटली म्हणून, असं मी कित्येक वर्षं म्हणत आलो. ते पुरेसं नाही.

त्यांनी माझ्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. मग तो लोटा त्यांनी स्वतःच तोंडाला लावला, सावकाश संपवला, आणि ते ट्रकमध्ये चढले. एस.टी.चा हॉर्न वाजला. मी धावत गेलो.

भातकुलीला उतरून मांडवात शिरलो आणि कोणाला रामराम घालण्याआधी रांजणापाशी जाऊन एकामागून एक तीन पेले पाणी प्यायलो. चौथा भरत होतो तेव्हा मामी आली.

"वाटेत कुठी पानी नाई भेटलं काय रे?"

"नाही भेटलं," मी म्हणालो.